खेळातला उन्हाळा आणि आपली सुट्टी

पालक-शिक्षक सभेच्या येत्या बैठकीपुढे एक ठराव येणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणताही ऑनलाइन व्हिडिओ गेम खेळणार नाही, असे लेखी हमीपत्र पाचवीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून पालकांच्या सहीसह दरवर्षी घ्यावे, असा तो ठराव आहे. ठराव मांडणाऱ्या पालकांची तळमळ आम्हाला समजते. यंदाच्या सुट्टीत एका घरी जे घडले ते एव्हाना शाळेत बहुतेकांच्या कानावर गेले आहे. मोबाइलवरच्या एका गेमचा 'उन्हाळी हंगाम' चालू होता. सातवीतल्या मुलाने चार दिवसांत वडिलांच्या खात्यातून साडेसहा हजार रुपये त्यात घातले. पैसे भरून पेटी उघडायची, हवा तो पोशाख निघाला नाही की पुन्हा पैसे भरून पुन्हा उघडायची, असा तो प्रकार. वडिलांच्या फोनचा पिन मुलाला ठाऊक होता, कारण घरात दूध-भाजीचे पैसे तोच चुकते करत असे. मुलगा गुणी आहे. वडीलही काही बेफिकीर गृहस्थ नव्हेत. म्हणूनच गोष्ट सगळ्यांच्या मनाला लागली.

तरीही या ठरावाला आमचे अनुमोदन नाही. त्याची कारणे सांगण्याआधी एक खुलासा करायला हवा. खेळ न पाहताच त्यावर मत देणे म्हणजे पुस्तक न वाचता परीक्षण लिहिणे. म्हणून संपादन समितीतले आम्ही दोघे शिक्षक, तीन पालक आणि आठवीची काही मुले-मुली मे महिन्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत एक उन्हाळी हंगाम स्वतः खेळून पाहत होतो. यंत्र एका माजी विद्यार्थ्याने सुट्टीत परदेशातून येताना बरोबर आणले होते, ते त्याने शाळेपाशी ठेवले. आमच्यातल्या एका आजोबा-पालकांनी आयुष्यात पहिल्यांदा गेमचे बटण दाबले, आणि पहिले दोन दिवस त्यांचा माणूस झाडावर आपटत होता. असो.

ज्या पालकांचा या विषयाशी फारसा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. पूर्वी गेमची सीडी विकत आणली की गेम तेवढाच असे. आता तो इंटरनेटवरून वाढत राहतो. कंपनी ठरावीक दिवसांनी नवी भर पाठवते, तिला अपडेट म्हणतात. ही भर ऋतूंना आणि सणांना धरून देण्याची पद्धत आता बहुतेक मोठ्या गेममध्ये रुळली आहे. डिसेंबरात बर्फ पडतो, ऑक्टोबरात भुतेखेते येतात, जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रकिनारा, टरबुजे आणि आतषबाजी. दुकानात दिवाळीचे 'खास देकार' लागतात त्यातलाच हा प्रकार, फक्त दुकान मुलाच्या खिशात असते.

आम्ही निवडला तो 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स'. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या स्विच यंत्रावरचा हा गेम २० मार्च २०२० रोजी बाजारात आला. पाचच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली आणि जगभरची मुले घरात अडकली. या गेममध्ये मारामारी नाही. तुम्हाला एक ओसाड बेट मिळते. तिथे घर बांधायचे, झाडे लावायची, मासे-किडे पकडून संग्रहालयाला द्यायचे आणि शेजारी राहायला आलेल्या प्राण्यांशी गप्पा मारायच्या. बेटावरचे घड्याळ यंत्राच्या घड्याळाप्रमाणे चालते. आपल्याकडे रात्र झाली की तिथेही रात्र, आपल्याकडे सोमवार तर तिथेही सोमवार. एका यंत्रावर एकच बेट असते, आणि जो पहिल्यांदा खेळ सुरू करतो तो बेटाचा मुख्य रहिवासी ठरतो. हे आधी माहीत नसल्यामुळे आठवीत कोणाच्या हातात यंत्र प्रथम द्यायचे यावर दोन दिवस अबोला झाला, तोही आमच्या अनुभवात जमा आहे.

३ जुलै २०२० रोजी या गेमला उन्हाळी भर मिळाली. तोवर बेटाभोवतीचा समुद्र फक्त काठावरून पाहायचा होता, आता त्यात उतरता येऊ लागले. पोहण्याचा पोशाख घ्यायचा, बुडी मारायची आणि तळाशी हलणाऱ्या सावलीचा पाठलाग करायचा. अशा रीतीने ४० नवे समुद्री जीव गेममध्ये आले. बुडी मारून स्कॅलप जातीचा शिंपला वर आणला की कधी कधी पास्कल नावाचे एक समुद्री पाणमांजर उताणे तरंगत येते, तो शिंपला मागून घेते, आणि बदल्यात एखादी वस्तू बनवण्याची कृती किंवा मोती देऊन वर काहीतरी तत्त्वज्ञान ऐकवते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला भरीचा दुसरा भाग आला. त्यात ऑगस्टच्या प्रत्येक रविवारी संध्याकाळी ७ पासून आतषबाजी सुरू झाली. पलंगावर झोपून स्वप्नात दुसऱ्याच्या बेटावर जाण्याची सोयही त्यातलीच. आज हे सगळे त्या गेमचे कायमचे अंग झाले आहे, त्यामुळे आम्हालाही ते खेळून पाहता आले.

आता गंमत पाहा. आम्ही खेळायला बसलो तेव्हा इंदूरात मे महिना होता. पारा ४२ अंशांवर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरोघरी पन्ह्याचे तांबे. आणि बेटावर? बेटावर कोवळी पालवी आणि गार वारा. खेळाच्या हिशेबाने तो वसंत होता. खेळातला उन्हाळा यायचा तो जुलैत, जेव्हा आपल्या दारात छत्र्या वाळत घातलेल्या असतात. मुलांनी यावर लगेच तोड काढली. यंत्राचे घड्याळ दोन महिने पुढे केले आणि मे महिन्यातच जुलै आणला. एका मुलाने आधीच सुचवले होते की आपण दक्षिण गोलार्ध निवडू, म्हणजे सगळे उलट होईल. गेम सुरू करताना उत्तर किंवा दक्षिण गोलार्ध निवडावा लागतो आणि तो नंतर बदलता येत नाही. पण दक्षिणेत मे महिना म्हणजे शरद, म्हणजे आगीतून फुफाट्यात. कर्कवृत्त आपल्या इंदूरच्या थोडे उत्तरेकडून जाते हे भूगोलाच्या तासाला पाठ करूनही ज्यांच्या डोक्यात शिरले नव्हते त्यांनी त्या दिवशी आपणहून नकाशा काढला. भूगोलाच्या बाईंना हे फार आवडले. आम्हालाही.

या उन्हाळ्यात खोट काही नाही, तो फक्त दुसऱ्यांचा आहे. जपानमधल्या बहुतेक शाळांना जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उन्हाळी सुट्टी लागते आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत चालते. त्या सुट्टीत मुले जाळी घेऊन शिंगवाले भुंगेरे पकडतात, झाडांवर सिकाडा किर्र ओरडत असतात, कुटुंबे समुद्रावर जातात, आणि गावोगावी नदीकाठी आतषबाजी होते. गेममध्ये नेमके हेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बेटावर रात्री ताडामाडांच्या बुंध्यांवर मोठमोठे भुंगेरे येतात, जून ते सप्टेंबर समुद्रात शार्क फिरतात, सिकाडांच्या आवाजाने कान किटतात. ज्यांनी हा गेम घडवला त्यांनी आपल्या लहानपणाची सुट्टी त्यात ओतली आहे, असे आम्हाला वाटले. आमच्या एका विद्यार्थिनीने मात्र सरळ विचारले, "यात पावसाळा का नाही?" बेटावर पाऊस पडतो. पण तो अधूनमधून येणारा पाहुणा, चार महिने मुक्काम ठोकणारा नव्हे. मग वर्गात सहा ऋतूंची चर्चा निघाली. आपल्या पुस्तकातले कोष्टक तरी कुठे जुळते? त्यात ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म, आणि आषाढात आपली माळव्याची काळी माती पायाला चिकटून चप्पल जड करते.

खेळाविषयी आमचे मत बरे झाले ते पुढे. संग्रहालयाचा प्रमुख एक घुबड आहे. आपल्याकडे घुबड म्हटले की काही आज्या अजून खिडकी लावून घेतात. इथे ते मोठे विद्वान आहे, प्रत्येक जीव आणून दिला की त्याविषयी चार वाक्ये सांगते, आणि किडा पाहिला की घाबरते. ऑक्टोपस, समुद्री घोडा, समुद्रकाकडी, जेली फिश यांची नावे मुलांना अशीच कळली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलांना ओहोटीच्या खडकांत काय असते हे दुसरे कोण दाखवणार? घर बांधायला टॉम नूक नावाचा दुकानदार कर्ज देतो. त्यावर व्याज नाही आणि फेडायला मुदतही नाही. असा सावकार प्रत्यक्षात असता तर आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या पालकांना नोकरीच मिळाली नसती, असे तेच म्हणाले.

पण आम्ही पाहायला बसलो होतो ते हंगामाचे काम कसे चालते हे. म्हणून मुद्दाम एक प्रयोग केला. बेटावरचा एक ठरावीक भुंगेरा ऑगस्टअखेर मिळेनासा होतो. घड्याळ पुढे करून आम्ही ऑगस्ट मुद्दाम चुकवला. काय झाले? काहीही झाले नाही. संग्रहालयातली एक जागा रिकामी राहिली. पुढच्या जुलैत तो भुंगेरा पुन्हा येणार होता. समुद्री जीवांचेही तेच, प्रत्येकाचे महिने ठरलेले. आतषबाजी दरवर्षी ऑगस्टमध्ये. आणि या सबंध काळात गेमने आमच्याकडे एक रुपयाही मागितला नाही. यंत्र आणि गेम यांची किंमत आधी मोजावी लागते, ती थोडी नाही. इंटरनेटवरून दुसऱ्यांच्या बेटांवर जायचे तर वर्गणीही आहे. पण बुडी मारण्याचे वेगळे पैसे नाहीत.

म्हणून हा गेम अगदी साधुपुरुष आहे असे कोणी समजू नये. त्यातही मुलाची बाही ओढणारे हात आहेत. सरकारी कचेरीत एक यंत्र आहे, तिथे रोज हजेरी लावली की गुण वाढत जातात, सातव्या दिवशी ते सर्वांत जास्त होतात, आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पाणमांजर दिवसाकाठी एकदाच भेटते. दुकानातला माल रोज बदलतो. आमच्यातल्या एका शिक्षकांनी तापातही हजेरी चुकू दिली नाही. त्यांचे नाव येथे छापू नये अशी त्यांची विनंती आहे. रोज अर्धा तास म्हणून बसलेले मूल तासाने उठते, हेही आम्ही घड्याळ लावून पाहिले.

आता दुसऱ्या प्रकारचा उन्हाळा पाहू. २ ते २२ ऑगस्ट २०१६ या काळात ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीच्या 'ओव्हरवॉच' गेममध्ये उन्हाळी क्रीडास्पर्धांचा हंगाम झाला. त्याच महिन्यात रिओ द जानेरोला ऑलिंपिक चालू होते. गेममध्ये फुटबॉलसारखा तिघा-तिघांचा एक नवा खेळ आला, तो विनाशुल्क होता आणि लोकांना आवडलाही. त्याबरोबर पात्रांसाठी खेळाडूंचे पोशाख, ध्वज, चित्रे अशा शंभरावर नव्या वस्तू आल्या. या वस्तू मिळवण्याची वाट मात्र एकच होती. पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते पाहायचे. पेटी खेळूनही मिळे, पैशांनीही मिळे. गेममध्ये साठवलेल्या नाण्यांनी इतर वस्तू थेट घेता येत, पण या हंगामी वस्तू तशा घेता येत नव्हत्या. आणि तीन आठवडे संपले की पेट्याही संपल्या. खेळणाऱ्यांनी मोठी ओरड केली. पुढच्या वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, कंपनीने नाण्यांनी थेट खरेदी खुली केली आणि आदल्या वर्षीच्या वस्तूही परत आणल्या. म्हणजे ग्राहकांनी आवाज उठवला की बदल होतो, ही त्यातली समाधानाची बाब.

दोन्हीकडे उन्हाळा, दोन्हीकडे समुद्र आणि रंगीत पोशाख. वरवर पाहणाऱ्या पालकाला दोन्ही सारखेच दिसतील. आमच्या मते फरक एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा म्हणून हा लेख लिहीत आहोत. हंगाम चुकला तर काय होते? पुढच्या वर्षी पुन्हा येतो, की 'आता नाही तर कधीच नाही' असे मुलाला सांगितले जाते? आणि चुकू नये म्हणून काय द्यावे लागते, थोडा वेळ, रोजचा वेळ, की पैसे? पैसे द्यावे लागत असतील तर दिल्याबद्दल काय मिळणार हे आधी कळते, की पेटीत दडवलेले असते?

सातवीतल्या त्या मुलाचा गेम आम्ही याच प्रश्नाने तपासला. त्याचे नाव इथे देण्याचे कारण नाही, तसे गेम डझनावारी आहेत. उघडताक्षणी उरलेले दिवस, तास आणि मिनिटे दाखवणारे घड्याळ उलटे पळताना दिसले. खाली बक्षिसांच्या दोन रांगा होत्या, एक फुकटाची आणि दुसरी पैसे भरणाऱ्यांची. दुसऱ्या रांगेतली बक्षिसे कुलूप लावून पण चमकती ठेवलेली, म्हणजे आपण काय गमावत आहोत ते प्रत्येक वेळी डोळ्यांत भरावे. पेट्या वेगळ्याच. जत्रेत कडी फेकून साबण जिंकण्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे, पण जत्रेतला माणूस आपल्या घरी येऊन, आपल्या पांघरुणात शिरून, 'आजचा शेवटचा दिवस' म्हणत नसे. त्या मुलाला आम्ही विचारले, तू का थांबला नाहीस? तो म्हणाला, "सोमवारी हंगाम संपणार होता." बारा वर्षांच्या मुलाने याहून वेगळे काय करावे अशी आपली अपेक्षा होती?

या पेट्यांचा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही. ज्या जपानमधून आमचे शांत बेट आले, तिथेच फोनवरच्या गेममध्ये नशिबाने निघणाऱ्या तुकड्यांचा संच पुरा केला की मोठे बक्षीस, अशी एक पद्धत फोफावली होती, ती २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने बेकायदा ठरवली. चीनने २०१७ पासून पेटीत कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती हे जाहीर करणे कंपन्यांना भाग पाडले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडण्याच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे सांगितले, त्यात 'ओव्हरवॉच'चेही नाव होते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' गेमच्या कंपनीला, ग्राहकांकडून न कळत खरेदी करवून घेतल्याबद्दल, २४.५ कोटी डॉलर परत करायला लावण्याचे जाहीर केले. मुलांना पालकांच्या संमतीविना खरेदी करता येत होती, ही तक्रार त्यातच होती. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून पैसे नव्हे, पोशाख निघतो. तेव्हा घरातल्या फोनमधल्या पेटीचा प्रश्न कायदा सोडवील म्हणून स्वस्थ बसणे परवडणार नाही.

आता हमीपत्राकडे वळू. ते शांत बेटालाही लागू होते आणि त्या पेटीलाही. बुद्धिबळ ऑनलाइन खेळणाऱ्या आमच्या नववीच्या विद्यार्थ्यालाही लागू होते, पुण्याच्या मावसभावाशी बुद्धिबळाचा डाव मांडणे हाही ऑनलाइन खेळच. सरसकट बंदीचा अनुभव आपल्याला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. ही बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने होती आणि तिच्याविषयी आम्हाला काही म्हणायचे नाही. पण आमच्या वर्गांपुरते सांगायचे तर, मुले आठवड्याभरात दुसऱ्या गेममध्ये गेली. हमीपत्राचेही तेच होईल. मुले सही करतील, पालकही करतील, आणि खेळ पांघरुणाखाली चालू राहील. फरक एवढाच पडेल की पुढच्या वेळी कोणाच्या खात्यातून पैसे गेले तर मूल ते सांगणार नाही, कारण सांगणे म्हणजे हमीपत्र मोडल्याची कबुली. या मुलाने निदान चौथ्या दिवशी आईला सांगितले. ती वाट बंद करणारा ठराव आम्हाला नको.

वेळेचा आणि डोळ्यांचा मुद्दा काही पालक मांडतील, तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळण्यावर ताबाच न राहण्याच्या अवस्थेची आजारांच्या यादीत नोंद केली आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. असे मूल असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे, त्याचे उत्तर शाळेच्या कागदात नाही. बाकीच्यांसाठी घरोघरी तासांची मर्यादा असावीच, आणि ती पालकांनी स्वतःच्या फोनलाही थोडी लावावी. खात्याचा पिन मुलाकडे नसावा हे आता वेगळे सांगायला नको.

विश्वस्तांशी मात्र आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मे महिन्यात दुपारी मुले काय करतात असे आम्ही आठवीच्या मुलांना लिहायला सांगितले. एकतीस मुलांपैकी सव्वीस जणांनी 'घरात' असे लिहिले. आजोळी जाणारे कमी झाले, कारण आजोळही आता इंदूरातच आहे. शाळेचे फाटक १ मे पासून कुलपात. ग्रंथालय, सभागृह, संगणक कक्ष, सगळे बंद, पटांगणात फक्त माळी. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे अशा माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, याच शाळेत उन्हाळी शिबिर होत असे. बालनाट्य बसवले जाई, हस्तलिखित निघे, सकाळी मल्लखांब आणि दुपारी गंजिफा किंवा कॅरम. संख्या रोडावली म्हणून ते थांबले. त्या रिकाम्या दुपारी कोणीतरी येऊन बसणारच होते. उलटे पळणारे घड्याळ घेऊन कोणीतरी आले. मुलाला 'आता नाही तर कधीच नाही' असे म्हणणारा एकच आवाज दिवसभर ऐकू येत असेल, तर ते त्याच्या मागे जाईलच.

म्हणून आमची मागणी अशी की हमीपत्राचा ठराव बाजूला ठेवून त्याऐवजी पुढच्या सुट्टीत ग्रंथालय आणि संगणक कक्ष सकाळी ८ ते ११ उघडे ठेवावेत. पहारेकऱ्याचे जादा वेतन, पंखे आणि पाणी एवढाच खर्च आहे. पाच शिक्षकांनी आळीपाळीने यायची तयारी दाखवली आहे, दोन आज्यांनी गंजिफा शिकवण्याची. संगणक कक्षात खेळ खेळू द्यावेत, पण उघड्यावर, मोठ्या पडद्यावर, आणि सोबत कोणीतरी मोठे असताना. गेम कसा बनतो हेही तिथे शिकवता येईल. आठवीच्या मुलांनी कागदावर स्वतःचे बेट आखलेच आहे. त्यात चैत्रात कैरी, मृग लागला की मातीवर लाल मखमली मृगाचे किडे, आषाढात सोयाबीनची पेरणी, श्रावणात नागपंचमीचे झोके आणि भाद्रपदात गणपतीचे मखर आहे. पाऊस चार महिने मुक्कामाला आहे. विद्वान घुबड त्यांनी तसेच ठेवले आहे, फक्त ते मराठी बोलते आणि त्याला मृगाच्या किड्याची भीती वाटत नाही. तो तक्ता जिन्याजवळच्या भिंतीवर लावला आहे, जाता-येता जरूर पाहावा. एका मुलाने त्यात पैसे भरून उघडायची एक पेटीही काढली होती. बाकीच्यांनी तिच्यात काय आहे ते बाहेर लिहायला लावले.

यंत्र ऑगस्टअखेरपर्यंत शाळेत आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ६:३० ला संगणक कक्ष उघडा राहील. ७ वाजता बेटावर आतषबाजी सुरू होते. पालकांनी मुलांना घेऊन यावे, स्वतः बुडी मारून पाहावी, आणि मग बैठकीला येऊन मत द्यावे. येताना मुलाच्या फोनवर सध्या जो हंगाम चालू असेल तोही दाखवायला सांगावा. त्याचे घड्याळ किती दिवस दाखवते आणि तो संपल्यावर काय होते, हे मुलाकडूनच ऐकून घ्यावे. पाऊस असेल तर मागच्या दाराने यावे, पुढच्या व्हरांड्यात पाणी साचते आणि त्याबद्दलचा अर्ज विश्वस्तांकडे गेल्या वर्षापासून पडून आहे.